एका रविवारी अख्खं पाकीट पेरलं की असंच होणार

"काका नमस्कार, घरामागे 4 वाफे आहेत, प्रत्येक साधारण 4 बाय 8 फुटांचा. दोन वर्षं झाली उन्हाळी भाजी लावतेय. पहिल्या वर्षी हौसेने एकाच दिवशी सगळं पेरलं आणि मग फरसबी आणि काकडी अशी काही आली की फ्रीजमध्ये जागा उरेना, शेजारचे मला बघून दार लावून घ्यायला लागले, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळं बंद, पुढे वाफे रिकामे. म्हणून यंदा दर 15 दिवसांनी थोडं थोडं पेरलं, मोबाइलवर रिमाइंडर लावून. तरी फरसबीच्या पहिल्या दोन बॅच जवळजवळ एकत्रच आल्या, चौथीची फुलं गळून गेली, कोथिंबीर बोटभर होताच फुलावर गेली आणि लेट्यूस तर तीनदा पेरून उगवलंच नाही. बी खराब का माझा हात खराब? नक्की किती दिवसांनी पेरायचं ते एकदा सरळ सांगा. आणि अर्धी उरलेली पाकिटं पुढच्या वर्षी चालतात का? - रिकाम्या वाफ्यांची मालकीण"

ताई, बी पण बरं आहे आणि हात पण बरा आहे, घोळ तुमच्या रिमाइंडरचा आहे. पण तिकडे जायच्या आधी पहिल्या वर्षाचं उरकून टाकू कारण ते सोपं आहे.

झुडपी फरसबी, म्हणजे जी वेल होत नाही आणि गुडघ्याएवढीच राहते ती, पेरल्यापासून 50 ते 60 दिवसांत तोड्याला येते, मग दोन-तीन आठवडे भरभरून देते आणि थकते. तिची जातच तशी, सगळी फुलं थोडक्या दिवसांत काढायची आणि मोकळं व्हायचं. तुम्ही अख्खं पाकीट पेरलंत म्हणजे अख्ख्या पाकिटाची फरसबी त्याच दोन-तीन आठवड्यांत येणार, दुसरं काय होणार. आपण पेरताना पाकिटाकडे बघतो, खाणाऱ्या माणसांकडे बघत नाही. चार माणसांच्या घराला एका वेळी 20-25 झाडं पुष्कळ झाली, आणि तुम्ही बहुतेक शंभर लावली असणार. मी सांगतो म्हणजे मी काही शहाणा नव्हतो, माझ्याकडे एका वर्षी काकडीचे नऊ वेल होते, माणसं तीन. शेवटी मी पानांखाली बघणंच सोडलं आणि मग मनगटापेक्षा जाड, पिवळ्या पडलेल्या काकड्या लोंबायला लागल्या. आणि त्यात गंमत अशी की वेलावर एखादी काकडी निबर होऊन बी धरायला लागली की वेलाचा सगळा जोर तिकडेच जातो, नवीन काकड्या धरणं कमी होतं. म्हणजे जास्त लावल्या म्हणून तोडायचा कंटाळा आला आणि तोडल्या नाहीत म्हणून पीक लवकर संपलं, असा दोन्हीकडून मार.

आता यंदाचं. 15 दिवसांनी पेरलं, बरोबर केलं असं वाटतं ना? पण झाडाला तारीख कळत नाही हो, त्याला ऊब कळते. फरसबी साधारण 10 अंशांच्या खाली वाढतच नाही असं धरून हिशोब करतात, म्हणजे दिवसाचं सरासरी टेम्परेचर 16 असेल तर त्या दिवसाची झाडाची कमाई 6, आणि सरासरी 28 झाली की एका दिवसाची कमाई 18, सरळ तिप्पट. तुमची पहिली बॅच हवेत गारवा असताना पेरली गेली असणार, ती दुसरीपेक्षा 15 दिवस पुढे होती खरी, पण त्या 15 दिवसांत तिने कमावलं किती तर 15 गुणिले 6 म्हणजे 90. पुढे ऊन तापलं आणि रोजची कमाई 18 व्हायला लागली की तेच 90 म्हणजे फक्त पाच दिवसांचं काम. म्हणून कागदावर 15 दिवसांचं अंतर आणि तोडताना जेमतेम पाच दिवसांचं. त्यात गार मातीत बी नुसतं पडून राहतं, कधी कधी कुजतं पण, त्यामुळे उरलेलं अंतरही राहत नाही.

हे काही मी बसल्या बसल्या काढलेलं शास्त्र नाही. रेओम्यूर म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ होता, त्याच्या नावाचा थर्मामीटर होता तोच, त्याने 1735 च्या सुमारास रोजच्या उबेची बेरीज करून पीक कधी तयार होईल ते बघायची कल्पना मांडली. आणि 1940 च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीला सीब्रुक फार्म्स म्हणून मोठ्ठं भाजीचं शेत होतं, भाज्या गोठवायचा कारखाना तिथेच, त्यांचं दुखणं अगदी तुमच्यासारखं, फक्त तुमच्या वाफ्याच्या लाखो पट. मटार वेगवेगळ्या तारखांना पेरायचे आणि उष्णता आली की सगळे एकदम तोडायला तयार, कारखान्याला झेपेना. थॉर्नथ्वेट नावाच्या हवामानतज्ज्ञाने त्यांना पेरणीतलं अंतर दिवसांत मोजायचं सोडून वाढीच्या युनिटमध्ये (वरच्या कमाईसारखीच मोजणी) मोजायला लावलं, म्हणजे आधी तोडणीचं अंतर ठरवायचं आणि त्यावरून उलटं मोजत पेरणी कधी ते काढायचं. मग मटार कारखान्याला झेपेल तसे यायला लागले.

तुम्हाला असली बेरीज करत बसायची गरज नाही, आधीची बॅच बघितली की पुरतं, तिनेच सगळी ऊब मोजून ठेवलेली असते. फरसबी उगवली की आधी दोन साधी पानं उघडतात, त्यानंतर पहिलं तीन पानांचं पान येतं, ते नीट उघडलं की पुढची बॅच टाकायची. गारव्यात ह्याला तीन आठवडे लागतील आणि उन्हात दहा-बारा दिवसांत होईल, लागू दे किती लागायचे ते. "नक्की किती दिवसांनी" ह्याचं सरळ उत्तर दिवसांत देताच येत नाही आणि जो देतो त्याने एकाच हवेत पेरून बघितलेलं असतं.

मक्याला आधीच्या रोपांना तीन-चार पानं आली की पुढची पेरणी. आणि मका लांबलचक एका ओळीत नको, चौकोनी घोळक्यात लावा कारण त्याचं परागीकरण वाऱ्यावर चालतं, एकेरी ओळीत कणसं अर्धी बोडकी राहतात. खरं सांगायचं तर चार वाफ्यांत मका लावूच नये असं माझं मत, जागा फार खातो आणि देतो झाडामागे एक-दोन कणसं. मुळ्याचं काय, छोटा गोल लाल मुळा 25-30 दिवसांचा खेळ, एक बॅच उगवून वर आली की दुसरी टाका, पण ऊन चढलं की थांबा कारण मग तो तिखटजाळ आणि आतून पोकळ होतो.

काकडीला मात्र एवढी घाई नको. ती पेरल्यापासून 50-60 दिवसांनी सुरू होते, साधारण महिनाभर जोरात असते, मग पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते आणि वेल केविलवाणा दिसायला लागतो. तर पहिल्या वेलाला पहिलं फूल दिसलं की दुसरे दोन वेल पेरा, दुसरीकडे, म्हातारी वेल आहे त्याच्या अगदी शेजारी नको नाहीतर भुरी लगेच तिकडे जाते. म्हणजे पहिले वेल दमतील तेव्हा दुसरे सुरू होतील. एका वेळी दोन वेल, ताई, नऊ नाही.

अजून एक मार्ग आहे तो आळशी लोकांचा, आणि मला तोच जास्त आवडतो. एकाच दिवशी पेरायचं पण वेगवेगळ्या जाती पेरायच्या. झुडपी फरसबी आणि वेलाची फरसबी एकाच दिवशी टाका, झुडपी आधी सुरू होईल, वेलाची आठ-दहा दिवसांनी मागून येईल आणि नियमित तोडत राहिलात आणि ऊन फार माथ्यावर नसेल तर सहा-आठ आठवडे देत राहील. टोमॅटोचं पण तसंच, बुटक्या जातीचा टोमॅटो ठरावीक उंचीला थांबतो आणि बरीचशी फळं थोडक्या दिवसांत देतो, उंच वाढणारा हळूहळू देत राहतो, दोन झाडं ह्याची दोन त्याची. रिमाइंडर नको, काही नको.

आणि काही भाज्यांना टप्पे लागतच नाहीत हे लोकांना कुणी सांगत नाही. भेंडी, मिरची, वांगी, उंच टोमॅटो, वेलाच्या शेंगा, ह्या एकदा लावायच्या आणि तोडत राहायचं. तिथे सातत्य पेरण्यात नसतं, तोडण्यात असतं. भेंडी उन्हात एक दिवस आड तोडावी लागते, तीन दिवस विसरलात की निबर होते, आणि मग तेच काकडीसारखं, बी धरलं की झाडाचा पुढचा उत्साह संपतो. निबर झालेली पण तोडा, खायची नसली तरी तोडून कंपोस्टात टाका. झाड फार उंच होऊन कंटाळलेलं दिसायला लागलं आणि पुढे अजून बरेच गरम दिवस शिल्लक असतील तर जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर छाटून खोडवा धरा, खत-पाणी द्या, खालून नवीन फांद्या फुटतात आणि परत भेंड्या येतात. मी तरी पण भेंडीची दुसरी छोटी बॅच पाच-सहा आठवड्यांनी पेरतोच, पण ती इन्शुरन्स म्हणून.

आता तुमच्या रडकथेचा दुसरा भाग, जो रिमाइंडरने नाही तर उन्हाने घडवला.

लेट्यूस तीनदा पेरून उगवलं नाही कारण माती तापली की लेट्यूसचं बी झोपून जातं, बऱ्याच जातींचं साधारण 27-30 अंशांच्या वर गेलं की. मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. बी पाणी पितं, फुगतं, आणि बाहेर फारच गरम आहे असं म्हणून आतच बसतं, आणि एकदा असं बसलं की नंतर माती गार झाली तरी लगेच उठेल असं नाही. म्हणून उपाय उगवण्याच्या त्या पहिल्या दोन-तीन दिवसांचा आहे, पुढे रोप उन्हाळ्यात तग धरतं, नीट सावली-पाणी दिलं तर. बी ओल्या टिशूत गुंडाळून डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा, मग संध्याकाळी ट्रेमध्ये पेरा, वरून माती अगदी भुरभुरल्यासारखी कारण त्याच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो, आणि ट्रे घरातल्या सगळ्यात गार जागी, फरशीवर बिरशीवर. कोंब दिसला की उजेडात. पालकाचं बी पण गरम मातीत असंच कुरकुरतं.

कोथिंबिरीचं दुखणं वेगळं. ती उगवते पण दिवस मोठा आणि गरम असला की तिला फुलावर जायची घाई होते, त्यात पाण्याचा ताण बसला की अजून घाई. तिला रोखायच्या भानगडीत पडूच नका. दाट पेरायची, बोटभर नाही पण वीतभर होईपर्यंत थांबायचं आणि मुळासकट उपटून वापरायची, संपली. हिला मात्र दर दहा-बारा दिवसांनी मूठभर धणे हा नियम चालतो कारण ती आपण कोवळीच खातो आणि कमी-जास्त झाली तरी नुकसान काही नाही. धणे पेरायच्या आधी हलकेच रगडून दोन फाकी करा, एका धण्यात दोन बिया असतात. रोपं करून दुसरीकडे लावू नका, मूळ हललं की ती रुसते आणि थेट फुलावर.

फरसबीच्या चौथ्या बॅचला फुलं आली ती नेमकी सगळ्यात तापलेल्या आठवड्यांत. दिवसा 32-35 च्या वर गेलं आणि रात्र पण गार झाली नाही की फरसबीचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात, टोमॅटोचं पण तेच, रात्री उकडत असेल तर फळ धरत नाही. ह्यात तुमचं काही चुकलं नाही आणि खत वाढवून काही होत नाही, उलट नत्र जास्त झालं की नुसता पाला. झाडं हिरवी असतील तर उपटू नका, आच्छादन घाला, पाणी चुकवू नका, हवा जरा उतरली की परत फुलं येतात. पण पुढच्या वर्षी पेरतानाच असा हिशोब करा, फरसबी पेरल्यापासून साधारण 35-40 दिवसांनी फुलते, तर आज पेरलेली फुलेल तेव्हा हवा कशी असेल? भट्टी असेल तर त्या पेरणीला फरसबी टाकायचीच नाही, तिथे चवळी, गवार किंवा भेंडी टाकायची, ह्यांना ऊन लागलं तर उलट बरं वाटतं. तसंच पालक-लेट्यूस कटकट करायला लागले की माठ, मायाळू, घोळ, चवळीचा कोवळा पाला. लोकांना टप्प्याने लागवड म्हणजे एकच भाजी परत परत लावणं वाटतं, पण उन्हाळाभर रोज काहीतरी ताजं पाहिजे असेल तर मधल्या कडक आठवड्यांत भाजीच बदलावी लागते. हे मला समजायला चार-पाच वर्षं गेली आणि त्यात बरंच लेट्यूस वाया गेलं.

आता तुमचे चार वाफे. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो, तसंच करा असं नाही.

एक वाफा लांबच्या मुक्कामाचा, टोमॅटो, वांगी, मिरची, असा बाजूला की उंच वाढून बाकीच्यांवर सावली पडणार नाही, किंवा कडक उन्हात पडलेली बरी असेल तर मुद्दाम पालेभाजीच्या बाजूला. ही रोपं लहान असतात तेव्हा मधे भरपूर जागा नुसती पडून असते, तिथे मुळा, लेट्यूस, कोथिंबीर टाका, टोमॅटो पसरेपर्यंत ते खाऊन संपलेलं असतं. दुसऱ्या वाफ्यात एका टोकाला मांडवावर काकडीचे दोन वेल, दुसरं टोक दुसऱ्या जोडीसाठी राखलेलं, आणि मधे भेंडी. तिसरा फरसबीचा, त्याचे तीन भाग करायचे, पहिल्यात पहिली बॅच, तीन पानांचं पान दिसलं की दुसऱ्यात दुसरी, मग तिसऱ्यात तिसरी किंवा तोवर तापलं असेल तर चवळी.

चौथा पालेभाजीचा आणि तो सगळ्यात मजेचा. तो 8 फूट लांब आहे ना, त्याचे फूटभर रुंद असे आठ पट्टे पाडा, मधे नुसती सुतळी ताणली तरी चालेल. दर आठवड्याला एकच पट्टा पेरायचा. म्हणजे 4 फूट लांब आणि 1 फूट रुंद, एवढंसंच, हात पुरतो, पंधरा मिनिटांचं काम. पालक साधारण 40-45 दिवसांचा, म्हणजे सातवा पट्टा पेरता तेव्हा पहिला कापायला आलेला असतो, आठवा पेरून झाला की पहिला रिकामा, त्यात कंपोस्ट मिसळा आणि नवव्या आठवड्याला परत तिथे, पण वेगळं काहीतरी. असा वाफा फिरत राहतो. पहिले सात आठवडे रिकामे पट्टे बघून जीव तळमळेल आणि हात शिवशिवेल, की टाकू का अजून थोडं. नाही टाकायचं. अख्ख्या प्रकरणातलं अवघड काम हेच आहे, जागा रिकामी आहे, पाकिटात बी आहे, हवा छान आहे आणि तरी गप्प बसायचं. माझ्या माहितीतले निम्मे लोक इथेच हरतात, मी पण अधूनमधून हरतो. फार वाटलं तर त्या रिकाम्या पट्ट्यांवर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालून झाकून टाका, डोळ्याआड गेलं की मोह कमी होतो आणि मातीही गार राहते.

ह्याच्या बरोबर उलटं संकट म्हणजे उपटायची वेळ आली की हात न उचलणं. फरसबी थकलीय, दिवसाआड मूठभर शेंगा देतेय, आणि आपण म्हणतो राहू दे अजून आठ दिवस. मी असं करत करत एक बॅच तीन आठवडे ठेवली होती, आणि त्या जागेसाठी केलेली काकडीची रोपं ट्रेमध्येच म्हातारी झाली, मुळं गुंडाळून गेली, नंतर लावली तरी जोर धरेनात. काकडी, दोडका, भोपळा ह्या मंडळींची रोपं दोन-तीन आठवड्यांच्या आत जागेवर गेली पाहिजेत, त्यांना मुळं हललेली खपत नाहीत. तर माझा नियम असा, लागोपाठ दोन तोड्यांत मिळून एका वेळची भाजी झाली नाही की काढायचं. उपटू नका, खोड जमिनीलगत कापा आणि मुळं आतच राहू द्या, माती कमी विस्कटते आणि मुळं कुजून तिथेच मिसळतात. वर दोन-तीन सेंटीमीटर चाळलेलं कंपोस्ट, भरपूर पाणी, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली, की त्याच दिवशी पुढची पेरणी. आणि त्याच घरातलं पीक परत तिथे नको, काकडीमागे दोडका नको, टोमॅटोमागे वांगं नको, किडी-रोग तिथेच दबा धरून असतात.

ट्रेबद्दल दोन शब्द. टप्प्याने लागवडीत एक छोटा ट्रे कायम चालू असावा, दहा-पंधरा खाचांचा पुरे, त्यात पुढच्या टप्प्याची रोपं वाढत असतात आणि वाफा रिकामा झाला की दुसऱ्याच दिवशी तीन आठवड्यांचं रोप तिथे उभं, म्हणजे तेवढे तीन आठवडे वाचले. नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायला पण तीच उपयोगी पडतात. फरसबी, मुळा, गाजर, कोथिंबीर मात्र जागेवरच पेरा.

उन्हाळ्यात बी उगवत नाही ह्या तक्रारीमागे निम्म्या वेळा वरची मातीच असते, सकाळी भिजवलं की दुपारपर्यंत वरचा थर कोरडा ठणठणीत, कोंब अर्ध्यात वाळून जातो आणि आपण म्हणतो बी फसवं निघालं. आधी चर पाडा, चरातच पाणी भरा, जिरू द्या, परत भरा, मग बी टाका आणि कोरड्या मातीने झाका. गारव्यात पेरता त्यापेक्षा थोडं खोल, फरसबी पाच सेंटीमीटरपर्यंत चालेल. गाजर-बीटसारख्या उशिरा उगवणाऱ्यांवर ओलं गोणपाट किंवा लाकडी फळी टाका, पण रोज उचलून बघायचं हं, कोंब दिसला की त्याच संध्याकाळी फळी काढायची, एक दिवस उशीर केला की सगळं पिवळं आणि लांबुळकं होतं.

शेवटची पेरणी कधी, हे पत्रात विचारलं नाहीत पण विचारणार आहात. जिथे पुढे थंडी पडते तिथे ज्या दिवसापासून भाजी वाढायची थांबते तिथून उलटं मोजा. पाकिटावरचे दिवस, त्यात तोडायचे दोन-तीन आठवडे, आणि वर अजून दोन आठवडे, कारण हंगाम उतरताना दिवस लहान होतात आणि तुमच्या पहिल्या बॅचचं जे झालं त्याच्या उलट होतं, मागची बॅच गारव्यात अडकते आणि मागेच राहते. म्हणून शेवटच्या दोन बॅचमधलं अंतर उलट कमी ठेवायचं. 55 दिवसांच्या फरसबीला असं धरून साधारण 85-90 दिवस आधी शेवटची पेरणी. आणि पाकिटावरचे दिवस वाचताना एक फसगत होते, फरसबी-मुळा-पालकाचे दिवस पेरल्यापासून असतात, पण टोमॅटो-मिरची-वांग्याचे बहुतेक वेळा रोप वाफ्यात लावल्यापासून मोजलेले असतात, म्हणजे त्याच्या आधीचे ट्रेमधले सहा-आठ आठवडे त्यात नसतात.

रिमाइंडर डिलीट करू नका, त्याचं काम बदला. दर आठवड्याला एकदा वाजू दे आणि त्यावर "वाफ्यात जाऊन बघ" एवढंच लिहा. आणि एक साधी वही ठेवा, प्रत्येक बॅचच्या तीन तारखा, पेरली, पहिला तोडा, शेवटचा तोडा. दोन वर्षांत तुमच्या हवेचं, तुमच्या मातीचं टाइमटेबल त्या वहीत तयार झालेलं असेल आणि मग मला किंवा कुणालाच विचारायला लागणार नाही.

राहिली पाकिटं. चालतात, पण ठेवली कशी त्यावर आहे. बियांचा शत्रू ओल आणि ऊब, त्यामुळे पाकिटाचं तोंड घट्ट दुमडून हवाबंद बरणीत, बरणी गार आणि कोरड्या जागी, फ्रीजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या टेम्परेचरला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. कांद्याचं बी वर्षभरात ढिलं पडतं, फरसबी साधारण तीन वर्षं, काकडी आणि मुळा चार-पाच वर्षं सुद्धा निघतात. शंका आली तर दहा दाणे ओल्या टिशूत गुंडाळून डबीत ठेवा, आठवड्याने उघडा, आठ-नऊ उगवले तर मजेत पेरा, पाच उगवले तर दुप्पट दाट पेरा, दोन-तीनच उगवले तर नवीन आणा. लेट्यूसची पण ही चाचणी करा, पण गार जागी, नाहीतर परत मला लिहाल की बी खराब.